अलास्का हायवे आणि युकॉन मोटरहोमने: गाडी, रस्ता, टाक्या (माहितीचा धागा)

उत्तरवाट

या भागाचे फोटो आणि वर्णनं भरपूर सापडतात. मोटरहोमच्या व्यवहाराची माहिती मात्र तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे, म्हणून हा धागा. 'किती सुंदर आहे' हे सगळ्यांना माहीत आहे, ते इथे नको. गाडी, इंधन, पाणी, वीज, टायर, सीमा एवढंच.

सोयीसाठी एक मार्ग धरून बोलू. डॉसन क्रीक (ब्रिटिश कोलंबिया) हा अलास्का हायवेचा शून्य मैल. तिथून फोर्ट नेल्सन, लिअर्ड, वॉटसन लेक करत व्हाइटहॉर्स, साधारण १,४२५ किमी. व्हाइटहॉर्सहून क्लोंडाइक हायवेने डॉसन सिटी, आणखी ५३५. परत व्हाइटहॉर्सला येऊन वॉटसन लेकच्या थोडं अलीकडे दक्षिणेला वळायचं, कॅसियार हायवेने (क्र. ३७) किटवांगा आणि तिथून प्रिन्स जॉर्ज. सगळं मिळून ४,१०० किमीच्या आसपास, आडफाटे वेगळे. डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत, बुकिंग करताना नीट बघा.

गाडी म्हणजे भाड्याने मिळणारी क्लास सी: ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, ७ ते ९ मीटर लांब, मागे दुहेरी चाकं. बहुतेक गाड्या फोर्ड ई-४५० चासीवर बांधलेल्या असतात.

हंगाम: जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जून-जुलैत उजेड भरपूर आणि डासही भरपूर. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात टुंड्रा लाल-पिवळा होतो, डास ओसरतात, रात्री काळोख पडायला लागतो म्हणजे ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसू शकतो. माझं मत विचाराल तर १८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. त्यानंतर कॅम्पग्राउंड, लॉज आणि पंप एकेक करून बंद होत जातात.

सुकाणू

चांगला धागा. इंधनापासून सुरुवात करतो.

भरलेली क्लास सी पेट्रोलवर १०० किमीला २२ ते २८ लिटर पिते. समोरून वारा असेल तर ३० लाही जाते. ई-४५० ची टाकी साधारण २०० लिटरची, म्हणजे कागदावर पल्ला ७००-८०० किमी. पण हिशेब ४५० चाच धरा. कारणं दोन. एक, नकाशावर दिसणारा प्रत्येक पंप चालू असेलच असं नाही. रस्त्याकडेचे बरेच जुने लॉज बंद पडलेत आणि काही फक्त हंगामात उघडतात. दुसरं, जनरेटर त्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि त्याची नळी मुद्दाम उंचावर बसवलेली असते. टाकी पाव भरलेली राहिली की जनरेटर बंद पडतो. तो बिघाड नाही, जनरेटर चालवता चालवता गाडी कोरडी पडू नये म्हणून केलेली सोय आहे. 'जनरेटर सुरू होत नाही' म्हणून भाडे कंपनीला फोन करण्याआधी इंधनाचा काटा बघावा.

नियम सोपा: अर्धी टाकी झाली की पुढच्या पंपावर भरायची, भाव बघत बसायचं नाही. फोर्ट नेल्सनला पूर्ण भरली तर मंचो लेकचं महाग पेट्रोल टाळून वॉटसन लेक गाठता येतं (सुमारे ५१०-५२० किमी), पण त्या टप्प्यात चढ आहेत, वारा आहे. टोड रिव्हरला थोडं टाकलेलं बरं. कॅसियारवर डीस लेक ते वरचा अलास्का हायवेचा फाटा या जवळजवळ २३५ किमीत पेट्रोलचा भरवसा धरू नका.

मुक्कामपोस्ट

@सुकाणू, जेरीकॅन बरोबर ठेवावा का?

सुकाणू

पक्क्या रस्त्यावर गरज नाही. घरासारख्या बंद गाडीत पेट्रोलचा कॅन ठेवायचाच नाही. आत गॅसची शेगडी आणि फर्नेस (गाडी गरम ठेवणारा हीटर) आहे. बाहेर मागच्या शिडीला किंवा बंपरला बांधला तर मागून कोणी धडकलं की पहिला तोच फुटतो. डेम्पस्टरसारख्या रस्त्यावर प्रश्न वेगळा, पण तिकडे भाड्याची गाडी न्यायची परवानगीच बहुधा नसते.

आडरस्ता

डेम्पस्टरचा विषय निघालाच आहे तर.

डेम्पस्टर हायवे डॉसन सिटीच्या पूर्वेला ४० किमीवर सुरू होतो आणि इनुविकपर्यंत साधारण ७४० किमी जातो. जवळजवळ पूर्ण खडीचा. सुरुवातीच्या फाट्यावर इंधन, मग थेट ३६९ किमीवर ईगल प्लेन्स. मध्ये काही नाही. ४०५ किमीवर आर्क्टिक वृत्त. पुढे पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या फेरीने ओलांडायच्या. त्यांवर पूल नाहीत. हिवाळ्यात बर्फावरून रस्ता असतो, आणि बर्फ फुटताना व गोठताना, म्हणजे साधारण मे महिन्यात आणि ऑक्टोबरनंतर काही आठवडे, दोन्ही बंद. इनुविकहून पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंतचा १३८ किमीचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडला. त्याआधी तिथे उन्हाळ्यात गाडी नेता येत नव्हती.

रस्त्याचा भराव जाड का असतो ते समजून घेतलं तर गाडी कशी चालवायची ते आपोआप कळतं. खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन आहे. त्यावरचं शेवाळ खरवडून रस्ता केला असता तर जमीन वितळून खचली असती, म्हणून शेवाळावरच खडीची जाड गादी टाकली आहे. ती मऊ राहू नये, धूळ कमी उडावी म्हणून वरून कॅल्शियम क्लोराइड मारतात. कोरड्यात ते उत्तम. पावसात त्याचा चिखल होतो आणि सिमेंटसारखा चिकटतो: दिवे, नंबरप्लेट, पायरी, सगळ्यावर. आणि धातू खातो. रस्त्यातला शेल (थराथरांचा खडक) कडेला धारदार असतो, टायरच्या बाजूला चीर पाडतो. बाजूची चीर पॅचने भरत नाही.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. डेम्पस्टर, टॉप ऑफ द वर्ल्ड (डॉसन सिटीहून अलास्काकडे जाणारा रस्ता), अलास्कातला डाल्टन, डेनाली हायवे, मॅकार्थी रोड यांची नावं घेऊन बंदी घातलेली असते. बंदी मोडून गेलं तर विमा उडतो, आणि अशा जागेहून टोइंग म्हणजे हजारांत बिल. ७१ किमीवर टूमस्टोनचं माहिती केंद्र आणि कॅम्पग्राउंड आहे, तेवढंच बघायचं असेल तर डॉसनमधून वेगळी गाडी घ्यावी किंवा टूरने जावं.

उत्तरवाट

@आडरस्ता, टॉप ऑफ द वर्ल्डबद्दल एक भर: डॉसनमधून युकॉन नदी ओलांडायला फुकट फेरी आहे. पुढची सीमाचौकी फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दिवसा ठरावीक वेळेत उघडी असते. अलास्काचं घड्याळ उन्हाळ्यात युकॉनपेक्षा एक तास मागे (युकॉनने नोव्हेंबर २०२० पासून घड्याळ पुढे-मागे करणं सोडलंय). उशिरा पोहोचलात तर फाटकाबाहेर रात्र.

फेरीचा उतार खडी टाकून केलेला असतो आणि नदीची पातळी बदलेल तसा बदलतो. चाकांमागे लांब शेपूट असलेल्या गाड्यांचा मागचा बंपर आणि सांडपाण्याचा पाइप तिथे घासतो. फेरीवरचा माणूस सांगेल त्या कोनात, अगदी पावलाच्या गतीने चढवा.

चाकोरी

टायरवर लिहितो, कारण या मार्गावर माणसं सर्वांत जास्त अडकतात ती इथे.

ई-४५० ला सहसा एलटी२२५/७५आर१६, लोड रेंज ई टायर असतो. दुहेरी लावल्यावर एका टायरची क्षमता १,१२० किलो, ती ८० पीएसआय हवेवर. चार टायर म्हणजे ४,४८०. मागच्या ॲक्सलची मर्यादा ९,६०० पौंड, म्हणजे सुमारे ४,३५०. मध्ये उरले जेमतेम १३० किलो. आता बघा, भरलेली पाण्याची टाकी, भरलेली काळी (संडासाची) टाकी, मागच्या खणात खुर्च्या, लाकूड, जनरेटर. मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. म्हणून निघताना वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा तोलून घ्यावा.

रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजायची. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून लोक बाहेरचं मोजतात आणि आतलं 'असेल' म्हणून सोडतात. दुहेरी चाकात एक बसलं तर गाडी वाकत नाही, दुसरं सगळा भार उचलतं, तापतं, आणि ५०-१०० किमीनंतर दोन्ही जातात. फाटलेला टायर फिरताना चाकाच्या कोनाड्यातलं सगळं झोडपून काढतो: वायरी, पाण्याची नळी, कधी प्रोपेनची लाइनही. सरळ दांड्याचा लांब चक गेज घ्या, दोन तोंडांचा. व्हॉल्व्हला लावलेल्या लवचिक नळ्या असतील तर त्यांच्या आटे-जोडावर साबणपाणी टाकून बुडबुडे बघा. गळती बहुतेक तिथेच.

खडीच्या पट्ट्यानंतर थांबून दोन चाकांच्या फटीत बघायचं. मुठीएवढा दगड तिथे अडकतो. काढला नाही तर दोन्ही टायरच्या आतल्या बाजू घासत राहतात, आणि सुटला तर मागच्या गाडीच्या काचेवर. काढताना गाडी पूर्ण बंद, पार्किंग ब्रेक, चाकाला अडण, आणि लाकडी दांड्याने बाहेरच्या दिशेला. स्क्रू-ड्रायव्हरने नाही.

टायरचं वय बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे असतील तर गाडी ताब्यात घेतानाच बदलून मागा, नक्षी कितीही चांगली दिसो. आणि विचारा: स्टेपनी आहे का, जॅक आहे का, चाकाचा पाना आहे का? बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत स्टेपनी असते, जॅक नसतो. चाक बदललं असेल तर ८० ते १०० किमीवर थांबून नट पुन्हा टॉर्कला आवळून घ्यायचे. हे दुकानदार सांगतात आणि लोक विसरतात.

आडरस्ता

खडीवर हवा १०-१५ टक्के कमी केली तर टायर दगडावर लवचिक राहतो, चीर कमी जाते. हे का सांगितलं नाही?

चाकोरी

ते पिकअपला किंवा जीपला. भार कमी असेल तेव्हा. वरचा हिशेब बघा, १३० किलोची मोकळीक असलेल्या ॲक्सलवर हवा कमी करणं म्हणजे टायर जास्त भाराने चालवणं. आधी ॲक्सलचं खरं वजन, मग टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते, आणि मगच कमी करायचा विचार. मोटरहोममध्ये हवा कमी करू नका, वेग कमी करा. खडीवर ५०-६०, तीक्ष्ण दगडांच्या पट्ट्यात ४०.

आडरस्ता

मान्य, पण गाडी खरंच हलकी असेल आणि तक्ता परवानगी देत असेल तर फरक पडतो. डेम्पस्टरवर स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी म्हणतोय.

चाकोरी

तक्ता परवानगी देत असेल तर माझी हरकत नाही. आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर लगेच भरायला बरोबर १२ व्होल्टचा चांगला कंप्रेसर हवा. सिगारेट-लायटरवर चालणारा छोटा ८० पीएसआयपर्यंत जात नाही, तापून बंद पडतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या.

पाणपोई

फ्रॉस्ट हीव्हचा उल्लेख अजून कोणी केला नाही? हायवे पूर्ण डांबरी आहे हे खरं, पण क्लुआनी सरोवर संपल्यावर, बर्वॉश लँडिंगपासून अलास्काच्या सीमेपर्यंत रस्ता लाटांसारखा आहे. काळं डांबर ऊन शोषतं, खालचा पर्माफ्रॉस्ट वितळतो, कुठे खचतो, तर थंडीत पाणी गोठून कुठे फुगतो. मोठ्या उंचवट्यांना बाजूला छोटे झेंडे लावलेले असतात, पण सगळ्यांना नाही. रस्त्यावरची पिवळी-पांढरी रेघ समोर वाकडी होताना दिसली की तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. झेंड्यापेक्षा रेघ जास्त खरं सांगते.

गाडी पुढच्या चाकांवर उतरते आणि मग मागचा लांब भाग चाबकासारखा खाली येतो. ९० च्या वेगात गेलं तर टोइंगचा हूक डांबरात रुततो, कपाटं उघडतात, फ्रीजचं दार निखळतं. ५० ते ६०. निघण्याआधी फ्रीजचं दार कुलपात, कपाटांचे खटके दाबून बघितलेले, शॉवरचं दार बांधलेलं, टीव्हीचा हात पट्ट्याने जखडलेला. काचेची भांडी ओट्याखाली, टॉवेलमध्ये. आणि छतावरच्या खिडक्या बंद: उघडी राहिली तर पहिल्याच जोराच्या हबक्याला तिचं झाकण जातं.

व्हाइटहॉर्सपर्यंतच जायचं असेल तर हा पट्टा लागत नाही. उत्तरवाट यांच्या मार्गात नाही, पण अलास्कातल्या टोक (Tok) गावाला किंवा फेअरबँक्सला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सुकाणू

काचेबद्दलही. युकॉनमध्ये बराच रस्ता पातळ डांबर फवारून त्यावर खडी दाबलेला असतो. नवा घातला की आठवडाभर सुटी खडी उडते. समोरून ट्रक आला की वेग उतरवून उजवीकडे सरकायचं, दोन गाड्यांचा एकत्र वेग जेवढा कमी तेवढा दगडाचा मार कमी. काचेवर टिकली पडलीच तर लगेच वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत धूळ-पाणी गेलं की राळेने नीट भरत नाही. आणि त्या दिवशी काच गरम करणारा वारा पूर्ण जोरात लावू नका. थंड काच एकदम तापली की टिकलीची रेघ होते. व्हाइटहॉर्स, फोर्ट नेल्सनला काच दुरुस्त करून मिळते.

दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवायचे. युकॉनमध्ये तो नियमच आहे.

मुक्कामपोस्ट

रात्रीच्या थंडीचं सांगा ना कोणीतरी. ऑगस्टच्या शेवटी बाहेर शून्याच्या जवळ, आणि कॅम्पग्राउंडला वीज नाही. बॅटरी टिकते का?

विजेरी

टिकते, हिशेब केला तर.

फर्नेस प्रोपेनवर चालतो पण त्याचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, ७-८ ॲम्पियर ओढतो. रात्री आठ तास, त्यातला निम्मा वेळ पंखा चालू, म्हणजे ८ × ०.५ × ८ = ३२ ॲम्पियर-तास. भाड्याच्या गाडीत १०० ॲम्पियर-तासाची एक लेड-ॲसिड बॅटरी असेल तर वापरण्यासारखे ५०. पाण्याचा पंप, दिवे, गॅस-अलार्म यांचे दहा-बारा धरले तर सकाळी जेमतेम. बॅटरी जुनी असेल तर पहाटे चारला पंखा मंदावतो, व्होल्टेज कमी म्हणून फर्नेस पेटतच नाही, आणि सगळे कुडकुडत उठतात. म्हणून थर्मोस्टॅट रात्री १३-१४ अंशांवर ठेवा, चांगली पांघरुणं घ्या. पुढच्या काचेला आतून उष्णतारोधक पडदा लावा, बरीच उष्णता तिथूनच जाते.

खरी मेख फ्रीजमध्ये आहे. जुना शोषण-प्रकारचा फ्रीज गॅसवर चालतो, बॅटरीला जवळजवळ लागतच नाही; त्याला फक्त गाडी सपाट लागते, फार कलली तर थंड करत नाही आणि बराच वेळ तसाच राहिला तर कायमचा बिघडतो. नव्या गाड्यांत १२ व्होल्टचे कंप्रेसर फ्रीज आलेत. ते कलंडलेल्या गाडीतही चालतात पण दिवसाला ४० ते ६० ॲम्पियर-तास खातात. कोणता आहे ते गाडी घेतानाच विचारा, कारण त्यावरून बाकी सगळा हिशेब बदलतो.

कॉफी मेकर, इस्त्रीसारखी १,००० वॅटची वस्तू इन्व्हर्टरवर लावली तर बॅटरीतून जवळजवळ ९०-१०० ॲम्पियर जातात. पाणी गॅसवरच उकळा.

लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली तिला चार्ज करायचं नाही. बहुतेकींत तसा अटकाव असतो, म्हणून गारठलेल्या सकाळी 'चार्ज होत नाही' असं दिसतं. आत गरम झालं की सुरू होतं.

प्रोपेन: ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं एकक) फर्नेस दहा तासांच्या रात्रीत ४० टक्के वेळ चालला तर १,२०,००० बीटीयू, म्हणजे साधारण ५ लिटर. गाडीची टाकी ४०-५० लिटरची असते. शेगडी, गरम पाणी धरून आठवडा निघतो. बाहेरच्या छोट्या शेगडीसाठी मात्र शुद्ध ब्युटेनचा डबा आणू नका. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो.

गॅसचा अलार्म जमिनीलगत का असतो? प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. त्यासमोर चपला-पिशव्या ठेवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा असतो, झोपायच्या उंचीवर. दोन्हींचं बटण दाबून बघा आणि तारीख वाचा, दोन्हींना मुदत असते.

पाणपोई

टाक्यांचं मी लिहिते. युकॉन सरकारची कॅम्पग्राउंड उत्तम आहेत: तळ्याकाठी, मोठे तळ, जळाऊ लाकूड भाड्यातच. पण वीज, नळ, सांडपाणी यांची जोडणी नाही. पाणी हातपंपाचं, बहुतेक ठिकाणी 'उकळून प्या' असा फलक. बऱ्याच ठिकाणी आल्यावर पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे, तेव्हा सुटे डॉलर बरोबर हवेत.

पाणी माणशी १५ ते २० लिटर रोज, भांडी जपून घासली आणि शॉवर 'भिजा, बंद, साबण, धुवा' असा केला तर. चौघांना ७०. भाड्याच्या गाडीत ताजं पाणी १३०-१५० लिटर, म्हणजे दोन दिवस. राखाडी टाकी (सिंक-शॉवर) आधी भरते, काळी (संडास) नंतर. राखाडी पाणी झुडपात सोडून देणं बेकायदा आहेच, शिवाय खरकट्या वासाने अस्वलाला निमंत्रण.

सॅनी-डंपवर (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) क्रम चुकला की घाण होते, म्हणून पायऱ्या:

हातमोजे. नळी आधी गाडीला, मग जमिनीतल्या तोंडात, वर दगड ठेवा. नळी सुटून उडते ती याच क्षणी. आधी काळी टाकी उघडा, पूर्ण रिकामी होईपर्यंत. मग बंद. मग राखाडी उघडा: तिच्या साबणपाण्याने नळी धुतली जाते. दोन्ही झडपा बंद, नळी जमिनीच्या तोंडातून न काढता गाडीकडचं टोक उचलून रिकामी करा. शेवटी काळ्या टाकीत १५-२० लिटर पाणी आणि औषध टाका, कोरडी ठेवायची नाही.

आणि मुक्कामावर सांडपाण्याची जोडणी मिळाली तरी काळी झडप बंदच ठेवा, दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडा. उघडी ठेवली तर पाणी निघून जातं, घन मागे राहतं, त्याचा ढीग सुकून बसतो. मग टाकी रिकामी असून पातळीचे दिवे 'भरली' दाखवतात.

पिण्याचं पाणी भरायची नळी पांढरी किंवा निळी, डंपजवळच्या 'पिण्यास अयोग्य' नळाला तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. रात्री शून्याखाली जाणार असेल तर नळी काढून, पाणी झटकून, आत ठेवा.

मुक्कामपोस्ट

धन्यवाद, हे नीट लिहून ठेवतो. अस्वलांचं?

आडरस्ता

अस्वलांपेक्षा रस्त्यावरची जनावरं गाडीला जास्त धोकादायक. लिअर्ड ते वॉटसन लेक पट्ट्यात रानगवे (वुड बायसन) कळपाने रस्त्याकडेला चरतात, रात्री डांबरावरच उभे राहतात. गडद तपकिरी, डोळेही फारसे चमकत नाहीत. समिट लेकजवळ (१,२९५ मीटर, हायवेचा सर्वांत उंच भाग) रानमेंढ्या रस्त्यावर मीठ चाटायला येतात. मूसचे (उत्तरेकडचं प्रचंड हरीण) पाय लांब, धडक बसली तर धड थेट काचेवर. साडेसहा टनांची गाडी ९० वरून थांबायला जे अंतर लागतं ते हेडलाइटच्या टप्प्यापेक्षा जास्त असू शकतं. संधिप्रकाशानंतर चालवू नका, एवढाच उपाय. उन्हाळ्यात उजेड रात्री अकरापर्यंत असतो तेव्हा तक्रारीला जागा नाही.

अस्वल: बेअर स्प्रे किमान २२५ ग्रॅमचा, 'प्राण्यांसाठी' असं छापलेला, मुदत तपासलेला. सॅकमध्ये नाही, कमरेला. विमानात सामानात नेता येत नाही, व्हाइटहॉर्सला घ्या. फवारा सात-आठ मीटरवर चालतो, त्याआधी वाया. गाडीच्या आत कधीही चुकून दाबला जाऊ नये म्हणून खटका बघून डब्यात ठेवा. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर तर नाहीच.

मोटरहोममधलं अन्न बंद दाराआड चालतं. बाहेर टेबलावर तेल, पातेली, कचरा, कुत्र्याचं खाणं काहीही ठेवू नका. फोडणी बाहेर घालायची हौस असेल तर घाला, पण नंतर शेगडी पुसून आत.

उत्तरवाट

लिअर्डच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचाही विचार करा. पाणी ४२ ते ५२ अंश, पार्किंगपासून लाकडी पायवाटेने ७०० मीटरच्या आसपास. झऱ्याच्या उगमाकडचा कोपरा सहन होत नाही, खालच्या बाजूला उतरा. कॅम्पग्राउंड जुलै-ऑगस्टमध्ये आधीच भरतं, बुकिंग करा.

विजेरी

डासांसाठी: ३० टक्के डीट (अंगाला लावायचं डास पळवणारं रसायन) पुरे. डीट प्लॅस्टिक आणि चष्म्याच्या लेपाला विरघळवतं, स्टीअरिंग आणि मोबाइल हात धुवूनच धरा. कपड्यांवर परमेथ्रिन (कीटकनाशक). जाळीच्या खिडकीत बोटाएवढं भोक असेल तर चिकटपट्टीने बुजवा, रात्री दिव्याकडे सगळे तिथूनच येतात.

फोनची रेंज गावांपुरतीच. नकाशे आधी उतरवून घ्या, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या. वणव्यांमुळे रस्ते बंद होतात, तेव्हा ब्रिटिश कोलंबियाचं ड्राइव्हबीसी आणि युकॉनचं ५११ रोज सकाळी, रेंज असेपर्यंत बघा.

मुक्कामपोस्ट

सीमा ओलांडायची झाली तर? कॅसियारवरून हायडरला जाऊन यायचा विचार आहे.

सुकाणू

मेझियाडिन फाट्याहून स्टीवर्ट ६५ किमी, वाटेत बेअर ग्लेशियर रस्त्यावरूनच दिसतं. स्टीवर्टला लागूनच अलास्काचं हायडर. जाताना अमेरिकेची चौकीच नाही, परत येताना कॅनडाची आहे. पण चौकी नाही म्हणून कायदा नाही असं नसतं: भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, आणि परतीसाठी कॅनडाची कागदपत्रं वैध हवीत. पुढे फिश क्रीकला जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सॅमन मासे वर येतात आणि त्यांच्यामागे अस्वलं. तिथून पुढचा सॅमन ग्लेशियरचा रस्ता खडीचा, अरुंद, खडकांचा. क्लास सी तिकडे नेऊ नका.

ज्या सीमेवर चौकी आहे तिथे ताजी फळं-भाज्या, मांस आणि जळाऊ लाकूड विचारतात. लाकूड सीमेपलीकडे नेऊच नका, किडे पसरतात म्हणून मनाई आहे. विचारलं नाही तरी जे आहे ते सांगून टाका. गांजा दोन्ही बाजूंना, कॅनडात आणि अलास्कात, कायदेशीर आहे, पण सीमा ओलांडून नेणं गुन्हाच.

चाकोरी

स्कॅगवेला (अलास्कातलं बंदर) उतरणाऱ्यांसाठी एक. व्हाइट पासवरून (१,००३ मीटर) समुद्रसपाटीपर्यंतचा उतार काही ठिकाणी ११ टक्क्यांपर्यंत आहे. माथ्यावरच टो-हॉल बटण (उतारावर इंजिनाने वेग रोखायला मदत करणारं) दाबा, खालच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही: वेग १० किमीने वाढला की घट्ट दाबा, १० ने उतरवा, सोडा. जळका वास आला तर थांबा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

स्कॅगवे ते हेन्स रस्त्याने ५७०-५८० किमी, फेरीने तासाभरात. अलास्का मरीन हायवेच्या बोटीत भाडं लांबीवर आहे, तेव्हा मागचा सायकल-रॅक मोजून लांबी सांगा, कमी सांगितली तर चढवतीलच असं नाही. चढण्याआधी प्रोपेनची मुख्य झडप बंद करावी लागते. फ्रीज गॅसवर असेल तर आदल्या रात्री भरपूर थंड करून ठेवा आणि प्रवासात दार उघडू नका.

पाणपोई

आणि परत देण्याआधी गाडी खालून धुवा. कॅल्शियम क्लोराइड फक्त डेम्पस्टरवरच नाही, हायवेच्या कामाच्या पट्ट्यांतही मारतात. नाणी टाकून चालणाऱ्या धुलाई केंद्रात उंच गाड्यांसाठी वेगळा कप्पा असतो. आधी साध्या पाण्याने भिजवून दहा मिनिटं ठेवा, मग दाबाने. फर्नेसच्या, फ्रीजच्या बाहेरच्या जाळ्यांवर थेट दाबाचा फवारा मारू नका, आतला पेटवणीचा भाग भिजला की पेटत नाही. पायरीचा मोटर-जोड आणि मागच्या कॅमेऱ्याची काच हाताने पुसा.

मुक्कामपोस्ट

भाडे कंपनी म्हणते धुलाईचे वेगळे पैसे घेऊ. मग आपण कशाला धुवायची?

पाणपोई

कारण खालची बाजू, छत, टायर आणि काच यांचं नुकसान बहुतेक करारांत विम्यात येत नाही. चिखलाखाली जुनी चीर होती की नवी, ते नंतर सिद्ध करता येत नाही. गाडी घेताना खालून, छतावरून आणि सहाही टायरच्या दोन्ही बाजूंचा व्हिडिओ काढा, देताना धुतलेल्या गाडीचा पुन्हा काढा. आतल्या दुहेरी चाकाची आतली बाजू टॉर्च लावून, वाकून घ्यावी लागते. वाद बहुतेक तिथलाच असतो.